पोटाला खिडकी असलेला माणूस

या वीकांताला एक साधा प्रश्न घेऊन बसलो होतो. जेवल्यावर पोटात नक्की काय होतं, हे माणसाला कधी कळलं?

आपल्याला वाटतं, फार पूर्वी कळलं असेल. पोट सगळ्यांनाच आहे, आणि जेवणही रोज होतं. पण जरा तारखा बघा. रक्त शरीरात गोल फिरतं हे हार्वीने १६२८ मध्ये छापलं. युरेनस हा ग्रह १७८१ मध्ये सापडला. आणि १८२० उजाडलं तरी युरोप-अमेरिकेतले डॉक्टर यावरच भांडत होते की पोटात अन्न शिजतं, दळलं जातं, आंबतं की सरळ सडतं! करोडो मैलांवरचा ग्रह आधी दिसला, आणि स्वतःच्या बरगड्यांखालचा प्रकार दिसायला आणखी चाळीस-पन्नास वर्षं गेली.

कारण उघड आहे. पोट बंद असतं. मेलेल्या माणसाचं पोट फाडून बघता येतं, पण मेलेलं पोट काही पचवून दाखवत नाही. (सर्व्हर बंद पडल्यावर कोड वाचण्यासारखं आहे हे. रचना कळते, पण चालू असताना आत काय चाललं होतं ते कळत नाही.)

त्यामुळे जो तो आपापली उपमा वापरत होता. गॅलेन या रोमन काळातल्या वैद्याचं म्हणणं, अन्न पोटातल्या उष्णतेवर शिजतं. आपल्याकडे आयुर्वेदात जठराग्नी आहेच, आणि आजही आपण "अग्नी मंद झालाय" असं म्हणतोच की. चूल ही सगळ्यांच्याच घरात होती, तेव्हा सगळ्यांना तीच सुचली यात नवल नाही.

पहिला खरा प्रयोग केला फ्रान्समधल्या रेओम्यूर या गृहस्थाने, १७५२ मध्ये. त्याच्याकडे एक पाळलेली घार होती. घार न पचणाऱ्या गोष्टी ओकून टाकते, हे त्याने हेरलं. मग त्याने धातूच्या छोट्या नळीत मांस भरलं, तोंडाला जाळी लावली आणि नळी घारीला गिळायला लावली. नळी बाहेर आली तेव्हा धातूवर ओरखडा नव्हता, पण आतलं मांस विरघळायला लागलं होतं. म्हणजे दळणाची थिअरी गेली. नळीच्या आत कुठलं जातं पोचणार? आत पोचत होता तो फक्त पातळ रस.

त्यानंतर इटलीत स्पालांझानी. हा माणूस पाद्री होता आणि हाडाचा प्रयोगवाला. त्याने अनेक प्राण्यांवर प्रयोग केले, आणि शेवटी स्वतःवरच! कापडाच्या बारीक पिशव्यांत चावलेला पाव आणि मांस भरून त्या पिशव्या गिळायच्या आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायची वाट बघायची. पिशव्या रिकाम्या निघाल्या. रिकाम्या पोटी उलटी काढून तो जठररसही जमवायचा. हे सगळं १७८० मध्ये छापून आलं. तरीही वाद मिटला नाही. विरोधक म्हणायचे, ही जिवंत शरीरातल्या 'प्राणशक्तीची' करामत आहे, नुसत्या रसाचं काम नाही. त्यांना गप्प करायचं तर जिवंत, धडधाकट माणसाच्या पोटात बघता यायला हवं होतं. आणि ते कसं शक्य आहे?

ते शक्य झालं एका अपघाताने.

६ जून १८२२. अमेरिकेत ह्युरॉन आणि मिशिगन या दोन प्रचंड सरोवरांच्या मध्ये मॅकिनॉ नावाचं छोटं बेट आहे. तिथे तेव्हा केसाळ कातड्यांचा मोठा व्यापार चालायचा. अमेरिकन फर कंपनीचं दुकान होतं, आणि शेजारी लष्कराचा एक छोटा किल्ला. कातडी आणायला होड्या वल्हवणारे बहुतेक गडी फ्रेंच बोलणारे कॅनडावाले होते. त्यातलाच एक अलेक्सिस सेंट मार्टिन. त्या सकाळी दुकानात गर्दी होती आणि कुणाच्या तरी हातातली छर्ऱ्यांची बंदूक चुकून उडाली. अंतर जेमतेम हातभर. गोळी डाव्या बाजूने बरगड्या फोडून गेली.

किल्ल्यावरचा डॉक्टर विल्यम बोमाँट अर्ध्या तासाच्या आत पोचला. त्याने नंतर जे लिहून ठेवलंय ते वाचवत नाही. फुफ्फुसाचा एक तुकडा बाहेर आलेला, त्याखाली जठराचा भाग बाहेर आलेला, त्याला बोट जाईल एवढं भोक, आणि त्या भोकातून सकाळची न्याहारी बाहेर. डॉक्टरला काही आशा नव्हती.

हा बोमाँट कोण, तेही सांगायला हवं. तो मेडिकल कॉलेजात कधी गेलाच नव्हता! एका डॉक्टरच्या हाताखाली दोनेक वर्षं उमेदवारी केली, १८१२ मध्ये परवाना मिळाला आणि लगेच लष्करात. डिग्री नाही, प्रयोगशाळा नाही, जवळपास एकही विद्यापीठ नाही. आपल्यासारख्या डिग्री फ्रेम करून लावणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं :)

तर, अलेक्सिस मेला नाही. पहिले सतरा दिवस त्याने खाल्लेलं सगळं त्या भोकातूनच बाहेर यायचं, म्हणून बोमाँट त्याला खालून, बस्तीवाटे पोषण द्यायचा. मग जखमेवर पट्ट्या घट्ट बांधल्यावर अन्न आत टिकायला लागलं. महिनोन् महिने जखम भरत राहिली. बरगड्यांचे तुकडे निघत राहिले. पण भोक बुजलं नाही. जठराची भिंत आतून छातीच्या जखमेला चिकटून बसली आणि तिथेच भरून आली, म्हणजे कातडीपासून थेट जठरापर्यंत कायमची वाट तयार झाली. वैद्यकात याला फिस्ट्युला म्हणतात. पुढे हिवाळ्यात जठराच्या अस्तराची एक घडी आतून त्या भोकावर आली आणि झडपेसारखी बसली. आता अन्न बाहेर यायचं नाही. पण बोटाने झडप आत ढकलली की पोटात सरळ दिसायचं.

मधल्या काळात स्थानिक प्रशासनाने खर्चाला नकार दिला. हा निराधार माणूस, याला उघड्या होडीत घालून हजार-दीड हजार मैलांवर कॅनडात त्याच्या गावी पाठवून द्या, असं ठरलं. बोमाँटने १८२३ मध्ये त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. जखम धुणं, खाणंपिणं, सगळं स्वतःच्या खर्चाने. बरं वाटल्यावर अलेक्सिस त्याच्याकडे लाकडं फोडायला, घरकामाला लागला. टाके घालून भोक बंद करू असं आपण सुचवलं होतं, पण तो तयार झाला नाही, असं बोमाँटने लिहिलंय. ही अर्थात बोमाँटची बाजू. अलेक्सिसची बाजू लिहिलेली नाही, कारण त्याला लिहिता येत नव्हतं.

आणि मग १८२५ मध्ये प्रयोग सुरू झाले.

१ ऑगस्ट, दुपारचे बारा. बोमाँटने रेशमी दोऱ्याला अंतरा-अंतराने पदार्थ बांधले : मसालेदार शिजवलेलं बीफ, कच्चं खारवलेलं चरबीचं डुकराचं मांस, कच्चं खारवलेलं बीफ, उकडलेलं खारवलेलं बीफ, शिळा पाव आणि कच्चा कोबी. दोरा भोकातून आत सोडला. अलेक्सिस घरात आपलं नेहमीचं काम करत होता. एक वाजता दोरा बाहेर ओढला : कोबी आणि पाव अर्धे गेलेले, मांस जसंच्या तसं. दोन वाजता : कोबी, पाव, डुकराचं मांस आणि उकडलेलं बीफ दोऱ्यावरून साफ. थोड्या वेळाने अलेक्सिसच्या पोटात दुखायला लागलं आणि त्या दिवशीचा प्रयोग थांबला.

काही दिवसांनी त्याने खरी परीक्षा घेतली. भोकातून नळीने जठररस काढला, बाटलीत भरला, त्यात उकडलेल्या बीफचा तुकडा टाकला, बूच लावलं आणि बाटली शंभर अंश फॅरनहाइटच्या पाण्यात ठेवली. तसाच एक तुकडा दोऱ्याने पोटात. पोटातला तुकडा लवकर गेला. बाटलीतल्याला कितीतरी जास्त तास लागले, पण शेवटी तोही पूर्ण विरघळला. काचेच्या बाटलीत! तिथे कसली आलीय प्राणशक्ती? एक रस आहे, त्याला ऊब लागते आणि ढवळणं लागतं, बस. कित्येक शतकांचा वाद एका बुचाच्या बाटलीत संपला. मला स्वतःला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सगळ्यात आवडतो.

तो रस त्याने तज्ज्ञांकडेही पाठवला : येलला सिलिमनकडे, व्हर्जिनियात डंग्लिसनकडे, अगदी स्वीडनमध्ये बर्झेलियसकडेसुद्धा. डंग्लिसनला त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सापडलं. इंग्लंडमध्ये विल्यम प्राउटने प्राण्यांच्या जठरात ते आधीच दाखवलं होतं, आता माणसातही पक्कं झालं. बोमाँटचं असंही म्हणणं होतं की नुसतं अ‍ॅसिड पुरत नाही, आणखी काहीतरी आहे. ते काहीतरी म्हणजे पेप्सिन. थिओडोर श्वानने ते १८३६ मध्ये शोधलं.

आज आपल्याला आतली व्यवस्था माहीत आहे. जठराच्या अस्तरातल्या काही पेशी प्रोटॉन पंप चालवून अ‍ॅसिड बाहेर टाकतात. (अ‍ॅसिडिटीवर आपण सकाळी उपाशीपोटी जी पँटोप्राझोलची गोळी घेतो, ती हाच पंप बंद करते.) दुसऱ्या पेशी पेप्सिनचं निष्क्रिय रूप सोडतात, ते अ‍ॅसिडमध्ये आल्यावर जागं होतं आणि प्रथिनं तोडायला लागतं. मग जठर स्वतःलाच का पचवत नाही? कारण अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो, त्यात अ‍ॅसिड मारणारं बायकार्बोनेट असतं, आणि वरच्या पेशी दर काही दिवसांनी बदलल्या जातात. तो थर फाटला की अल्सर.

बोमाँटने बऱ्याच गोष्टी नुसत्या डोळ्यांनी टिपल्या. रिकाम्या पोटात रस साठून राहत नाही, अन्न आलं की सुटतो. हे ठरवायला पठ्ठ्याने रिकाम्या जठराच्या अस्तराला चक्क जीभ लावून बघितली, आंबट लागली नाही! अलेक्सिस चिडला की पोटात पित्त दिसायचं आणि पचन बिघडायचं. म्हणजे "डोक्याला ताप, पोटाला त्रास" याची पहिली प्रत्यक्ष नोंद. दारू पिऊन आल्यावर अस्तर लालभडक व्हायचं, त्यावर चट्टे दिसायचे. आणि अलेक्सिसला मात्र काहीच जाणवत नसायचं. शुक्रवारी रात्री बसणाऱ्या मित्रांनी हे वाक्य परत वाचावं.

त्याने कुठल्या पदार्थाला किती वेळ लागतो याचा मोठा तक्ताच केला. उकडलेला भात : १ तास. उकळलेलं दूध : २ तास. कडक उकडलेलं अंडं : साडेतीन तास. भाजलेलं डुकराचं मांस : सव्वापाच तास. आजारी माणसाला मऊ भात देणाऱ्या आपल्या आज्ज्यांना हा तक्ता दाखवला असता तर त्या म्हणाल्या असत्या, हे सांगायला पोटाला भोक कशाला पाडायचं?

पण या तक्त्यातच त्या खिडकीची मर्यादाही आहे. बोमाँट मोजत होता तो वेळ पदार्थ जठरातून जायला लागणारा, पूर्ण पचायला लागणारा नव्हे. भात जठरातून लवकर जातो, पण त्यातल्या स्टार्चचं बरंचसं काम पुढे लहान आतड्यात व्हायचं असतं. तेलकट जेवण रेंगाळतं, कारण चरबी लहान आतड्यात पोचली की आतडंच जठराला "थांब जरा" असा निरोप पाठवतं. पचनाचं मुख्य काम आणि जवळजवळ सगळं शोषण त्या काही मीटर लांबीच्या लहान आतड्यातच होतं, स्वादुपिंडाच्या आणि पित्ताच्या मदतीने. स्वादुपिंडाचा रस चरबी तोडतो हे क्लोद बर्नारने १८४८ च्या सुमारास दाखवलं. बोमाँटची खिडकी जठराला होती, म्हणून त्याला जठरच हीरो वाटलं. आपणही नाही का, ज्या मोड्यूलचे लॉग दिसतात त्यालाच दोष आणि श्रेय देत बसतो.

असो. आता या गोष्टीचा दुसरा भाग, जो शाळेच्या पुस्तकात असलाच तर एका ओळीत असतो.

१८२५ मध्येच, प्रयोग सुरू होऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच, अलेक्सिस पळून गेला. कॅनडाच्या सीमेजवळ आले असताना न सांगता गावी निघून गेला. तिथे लग्न केलं, दोन मुलं झाली, परत होड्या वल्हवायला लागला. पोटाला भोक असताना! बोमाँटने फर कंपनीच्या माणसांकरवी त्याचा पत्ता काढला आणि १८२९ मध्ये तो बायकोसकट मिसिसिपीकाठच्या फोर्ट क्रॉफर्डला आला. दीड-दोन वर्षं पुन्हा दोरे, नळ्या, थर्मामीटर. १८३१ मध्ये तो बायकापोरांना होडीत घालून घरी परत निघाला. मिसिसिपी, ओहायो, मग सरोवरं ओलांडून माँट्रियल. ज्याला डॉक्टर 'पेशंट' म्हणत होता, त्याचा हा प्रवास.

१८३२ मध्ये मात्र बोमाँटने कायदेशीर करार केला. एक वर्ष, १५० डॉलर, राहणं-खाणं-कपडे वेगळे. त्या बदल्यात अलेक्सिसने बोमाँट जगात कुठेही जाईल तिथे सोबत जायचं आणि पोटावर प्रयोग करू द्यायचे. खाली अलेक्सिसची सही म्हणजे फुली. आपल्या क्षेत्रात फ्रेशर्सकडून बाँड लिहून घेतात त्याबद्दल आपण किती कुरकुर करतो! इथे बाँड पोटाचा होता. शिवाय पगाराची सोय व्हावी म्हणून अलेक्सिसला लष्करात सार्जंट म्हणून भरतीही करून टाकलं.

या करारावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, प्रयोगासाठी माणसाची लेखी संमती घेतल्याचं हे फार जुनं उदाहरण आहे, म्हणजे बोमाँट काळाच्या पुढे होता. कुणी म्हणतं, निरक्षर, गरीब आणि उपकाराखाली दबलेल्या माणसाची फुली म्हणजे काय संमती? मला विचाराल तर अलेक्सिसचं मत कागदावर शोधूच नये. तो जेव्हा जेव्हा मोकळा झाला तेव्हा तेव्हा गेला, आणि परत आला तो पैशासाठी. जीव वाचवणारा बोमाँट आणि करार करणारा बोमाँट हा एकच माणूस होता, यावर माझा विश्वास आहे. पण सुरुवातीच्या दोन वर्षांचं भलेपण पुढच्या सगळ्याला पुरत नाही.

१८३३ मध्ये पुस्तक आलं. २३८ प्रयोग, ५१ निष्कर्ष. लेखकाच्या नावाला युरोपात मान मिळाला. पुढच्या वर्षी अलेक्सिस घरच्यांना भेटायला गेला तो परत आलाच नाही. बोमाँट मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं, पत्रं पाठवत राहिला. अलेक्सिसला बायकापोरांसह यायचं होतं आणि पैसे जास्त हवे होते; बोमाँटला तो एकटा हवा होता. घासाघीस कधी जमली नाही. १८५३ मध्ये बोमाँट सेंट लुइसला बर्फाळ पायऱ्यांवरून घसरून पडला आणि त्यातच गेला.

शास्त्र तोवर पुढे निघालं होतं. माणूस मिळेना, तर कुत्रा. १८४२ मध्ये मॉस्कोत बासोव्हने कुत्र्याच्या जठराला मुद्दाम असं भोक पाडलं, पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये ब्लाँडलोने. पाव्हलोव्हने हे तंत्र टोकाला नेलं आणि त्याला १९०४ चं नोबेल मिळालं. घंटी आणि लाळेमुळे तो प्रसिद्ध आहे, पण नोबेल पचनासाठी आहे. आणि आज? पक्षाघाताने गिळता न येणाऱ्या पेशंटच्या पोटात बाहेरून जी फीडिंग ट्यूब बसवतात, ती म्हणजे नीट, मुद्दाम आणि संमतीने केलेलं तेच भोक. १९८० पासून ते एंडोस्कोपने, पोट न फाडता करता येतं.

अलेक्सिस बोमाँटच्या नंतर २७ वर्षं जगला. १८५६ मध्ये पोटापाण्यासाठी गावोगावच्या डॉक्टरांना पोट दाखवत फिरला, एरवी शेती आणि लाकडं. भोक शेवटपर्यंत होतं, ५८ वर्षं. २४ जून १८८० ला तो क्वेबेकमधल्या सेंट थॉमस या गावी गेला.

बातमी लागताच माँट्रियलहून विल्यम ऑस्लरने (तोच तो, पुढे आधुनिक वैद्यकाचा मोठा माणूस झालेला) हालचाल केली. शवविच्छेदन करू द्या, जठर वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयात ठेवू, पैसे देऊ. घरच्यांनी साफ नकार दिला. नुसता नकार देऊन ते थांबले नाहीत. जूनच्या उकाड्यात त्यांनी प्रेत मुद्दाम चार दिवस घरातच ठेवलं, कुणाच्या काही उपयोगाचं राहू नये म्हणून. अंत्यविधीच्या वेळी वासामुळे ते चर्चच्या बाहेर ठेवावं लागलं. मग आठ फूट खोल खड्डा खणला आणि त्याला पुरलं.

१९६२ मध्ये कॅनडाच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या संघटनेने तिथे त्याच्या नावाची पाटी लावली. बोमाँटच्या नावाने टेक्सासमधल्या अल पासोला लष्कराचं मोठं हॉस्पिटल आहे.